कुठल्या दिवशीची अंघोळ सांगू?

"बाळाची अंघोळ कशी होते, सांगा बघू," नातवाच्या फिजिओथेरपीच्या ताईंनी विचारलं. पहिलीच भेट होती. सूनबाई जरा घुटमळली आणि म्हणाली, "कुठल्या दिवशीची सांगू? पाणी येतं त्या दिवशीची, का येत नाही त्या दिवशीची?"

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात, आणि शहरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. धरण उशाला नि कोरड घशाला ही म्हण आमच्याकडे पुस्तकात वाचावी लागत नाही. पाण्याच्या दिवशी घर वेगळं असतं. पहाटे कुणीतरी मोटर लावतं, पिंपं, कळश्या, पातेली, सगळं भरून घ्यायचं, धुणं त्याच दिवशी, डोक्यावरून अंघोळ त्याच दिवशी. उरलेले दिवस अर्ध्या बादलीत भागवायचे.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत दोन रकाने केले आणि दोन्ही अंघोळी लिहून घेतल्या. चौतीस वर्षं मास्तरकी केलेली बाई आहे मी, समोरचा माणूस खरंच लिहितोय की लिहिल्यासारखं करतोय हे मला लांबून कळतं. या खरंच लिहीत होत्या.

माझ्या नातवाला इथं गुंड्या म्हणते. त्याचं खरं नाव सांगायचं की नाही हे तो मोठा झाल्यावर ठरवेल. तो बत्तिसाव्या आठवड्यात जन्मला, वजन एक किलो सहाशे ग्रॅम. पहिले सव्वीस दिवस काचेच्या पेटीत होता. घरी आणला तेव्हा माझ्या तळहातापासून कोपरापर्यंत मावायचा. पुढे तो मान धरायला उशीर करू लागला, पालथा पडायला उशीर, बसायला उशीर. दर वेळी मी एकच वाक्य म्हणत होते, "त्याचा बापही उशिराच चालला होता." बाप चौदाव्या महिन्यात चालला होता. हे मला पक्कं माहीत होतं, तरी म्हणत होते.

यात मला माझी लाज वाटते ती अशी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची डॉक्टरांची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. आमच्या शाळेतही यायची. पोरांना रांगेत उभं करायचं काम माझंच. जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर, या चार गोष्टी ते बघतात, आणि शंका आली की मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. हे सगळं मी दुसऱ्यांच्या आयांना समजावून सांगितलेलं. काही आया म्हणायच्या, "बाई, त्याचा बापबी असाच होता." मी मनातल्या मनात कपाळाला हात लावायचे.

(तो 'हस्तक्षेप' शब्द मला अजून पटलेला नाही. घरात हस्तक्षेप करते ती सासू.)

शेवटी चौदाव्या महिन्यात मुलांच्या डॉक्टरांनी एक तक्ता काढला. तिरुअनंतपुरमच्या बालविकास केंद्रात तयार झालेला, जन्मापासून दोन वर्षांपर्यंतच्या सतरा गोष्टींचा. प्रत्येक गोष्टीपुढे एक आडवा पट्टा, मूल ती साधारण कधीपासून कधीपर्यंत करू लागतं त्याचा. त्यावर वयाच्या रेघेवर पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलीच्या डाव्या बाजूला जे पट्टे संपलेत, ते सगळं बाळाला यायला हवं. डॉक्टरांनी पेन्सिल चौदावर न ठेवता बारावर ठेवली. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाला दोन महिन्यांची सूट द्यायची असते, वयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत. मला वाटलं, सूट मिळाली म्हणजे पास. पण पेन्सिलीच्या डावीकडे 'आपणहून उठून बसणे' होतं, 'धरून उभे राहणे' होतं. गुंड्याला बसवलं तर बसायचा, आणि पाय कात्रीसारखे एकावर एक चढायचे.

पुढे एमआरआय झाला. मेंदूत मधोमध पाण्याच्या पोकळ्या असतात, त्यांच्या कडेचा पांढरा भाग फार लवकर जन्मलेल्या बाळांमध्ये नाजूक असतो. पायांकडे निरोप नेणारे धागे त्या पोकळ्यांना सगळ्यात जवळून जातात, म्हणून तिथं इजा झाली की आधी पाय ताठरतात. हात त्या मानाने वाचतात. सेरेब्रल पाल्सी हे नाव आम्हाला त्यानंतर काही महिन्यांनी मिळालं. मेंदूतली इजा वाढत नाही, पण हाडं वाढतात आणि ताठर स्नायू त्यांच्या वेगानं लांब होत नाहीत, त्यामुळे थांबून चालत नाही. एवढं मला समजलं. आमच्या गल्लीत सगळे विणकर, मी शेजारच्या अव्वाला सांगितलं, ताण्यातले कडेचे धागे गेलेत, माग चालू आहे. तिला लगेच कळलं.

आधी आम्ही एका ठिकाणी जात होतो. नाव सांगत नाही, माणसं वाईट नव्हती. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास. आईनं बाहेर बसायचं, दार बंद. आतून गुंड्याचं रडणं यायचं आणि सूनबाई बाहेर खुर्चीच्या हाताला धरून बसायची. निघताना एक झेरॉक्स मिळाली, घरी करायचे अकरा व्यायाम. प्रत्येक दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. मी गणिताची बाई. अकरा दाहे एकशे दहा, त्रिक तीनशे तीस. साडेपाच तास! त्यात स्वयंपाक कधी, सूनबाईचं शिवणकाम कधी, आणि पोरगं झोपणार कधी? पण हे गणित मी तेव्हा तोंडावर केलं नाही. उलट झेरॉक्स फ्रीजवर चिकटवली आणि निम्मे व्यायाम मी माझ्याकडे घेतले. माझ्या हाताला शिस्त आहे. गुंड्याचा पाय धरायचा, टाच दाबायची, आणि मोठ्यानं वीसपर्यंत मोजायचं. तो रडला तरी वीस म्हणजे वीस.

तिथंच एक सल्ला मिळाला, त्याचं मला आजही दुःख आहे. "मुलाशी घरात एकच भाषा बोला, त्याचा गोंधळ होतो."

आमची सूनबाई अक्कलकोटची. माहेरची भाषा कन्नड. इथं घरात मराठी. आणि शेजारी अव्वा, तेलुगू. ती दुपारी वळलेल्या विड्या देऊन आली, हातपाय धुतले, की गुंड्याला मागून न्यायची. सोलापुरात हे काही विशेष नाही. अशोक चौकातल्या रिक्षावाल्याला तिन्ही येतात, शिवाय उर्दू. पण डॉक्टरी कोटातल्या माणसानं सांगितलं म्हटल्यावर सूनबाईनं कन्नड बंद केली आणि गुंड्याला अव्वाकडे पाठवणंही बंद केलं. दोन महिने. त्या दोन महिन्यांत ती त्याच्याशी काय बोलायची? "बस. पी. हे बघ. हा कोण?" परीक्षा घेतल्यासारखं. तिची मराठी चांगली आहे, पण लाडाची मराठी तिच्याकडे नाही, ती कुणाचीच दुसऱ्या भाषेत नसते. आधी ती त्याला झोपवताना "बारो कंदा, बारो चिन्ना" म्हणत तासभर काहीबाही बोलत असायची. ते थांबलं आणि घर शांत झालं. मला वाटलं, चला, शिस्त लागली.

मग आल्या या ताई, अंघोळ विचारणाऱ्या. फिजिओथेरपिस्ट आहेत, एका छोट्या केंद्रात बसतात, महिन्यातून दोनदा घरी येतात. पहिल्या भेटीत त्यांनी गुंड्याच्या पायाला हातसुद्धा लावला नाही. दीड तास फक्त विचारत होत्या. सकाळी आधी कोण उठतं? तो उठल्यावर काय करतो? तुम्ही चहा पिताना तो कुठं असतो? जेवण, अंघोळ, दुपार, बाहेर जाणं, निजणं. प्रत्येक ठिकाणी तो काय करतो, आणि ती वेळ तुम्हाला कशी जाते. शेवटी एक ते पाच गुण द्या म्हणाल्या. जेवणाच्या वेळेला सूनबाईनं एक दिला. माझ्या मुलानं चार दिला. ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी एमआयडीसीत असतो त्या वेळी." मग स्वतःच हसला आणि चार खोडायला सांगितला.

नंतर वाचलं तेव्हा कळलं, ही विचारण्याची रीत अमेरिकेतल्या रॉबिन मॅकविल्यम यांनी बसवलेली आहे. तिच्या शेवटी दोन प्रश्न असतात. रात्री झोप येत नाही तेव्हा कशाची काळजी करता? आणि आयुष्यात एक गोष्ट बदलता आली तर कुठली बदलाल? तिकडे १९८६ सालच्या कायद्यानं लहान मुलाच्या योजनेबरोबर कुटुंबाचीही योजना लिहायला लावली. आपल्याकडे योजना पुष्कळ आहेत, पण कागदावर 'बालकाचे नाव' असतं आणि खाली सही करायला पालक.

दुसऱ्या प्रश्नाला मला वाटलं सूनबाई म्हणेल, त्याला चालता येऊ दे. ती म्हणाली, "मला दहा मिनिटं दार लावून अंघोळ करायचीय."

घरात मी होते. हे होते. आणि तिला सव्वा वर्षात दार लावून अंघोळ मिळाली नव्हती. "अगं, माझ्याकडे द्यायचं की," मी म्हटलं. ती खाली बघत म्हणाली, "आई, तुमच्याकडे दिला की तो रडतो."

रडायचा, खरंच. मी जवळ बसले की तो पाय आखडून घ्यायचा. पाय ताठर आहेत म्हणून आखडतो, असंच मी समजत होते.

ताईंनी काही बोलून दाखवलं नाही, त्याबद्दल त्यांचे उपकार. वहीत लिहिलं: आई अंघोळीला गेल्यावर गुंड्या आजीजवळ बसून दहा मिनिटं खेळेल. बस एवढंच. मला हे थेरपीचं ध्येय वाटेचना. पण त्यात आधाराशिवाय बसणं होतं, दोन्ही हात मोकळे ठेवणं होतं, आणि आजीची भीती जाणंही होतं. फ्रीजवरची झेरॉक्स मी त्या रात्री काढली, पण त्याआधी ते साडेपाच तासांचं गणित ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाई, आठवड्यातून एक तास आमचा. जागेपणीचे बाकीचे त्र्याऐंशी तास तुमचे. मी तासाभरात त्याला शिकवायला येत नाही, तुमचे तास कसे जातात ते बघायला येते." दिवसाला बारा तास जागा धरला तर आठवड्याचे चौऱ्याऐंशी, मी मनात पडताळून पाहिलं. बरोबर होतं.

मग जे बदललं ते इतकं घरगुती होतं की पाहुण्यांना ते थेरपी वाटलंच नाही.

गुंड्याला आम्ही आडवा, बाळासारखा उचलून न्यायचो. ताई म्हणाल्या, कडेवर घ्या. कडेवर घेतलं की दोन पाय दोन बाजूंना, कमरेला मिठी, आणि मांड्या आपोआप उघडतात. जो ताण मी वीस आकडे मोजून देत होते, तो मंगळवार बाजारात भाजी घेताना अर्धा तास मिळू लागला, न रडता. कडेवर घेणं कुणाच्या पुस्तकातून आलंय? आपल्या आज्या-पणज्या घेतच आल्या की. फक्त आजारी पोर म्हणून आम्हीच त्याला पालखीत घातलं होतं.

केंद्रात रेक्झिनचा लोड असतो, त्यावर मुलाला घोड्यासारखं बसवतात. किंमत विचारून माझ्या मुलानं तोंड केलं. ताईंनी पलंगावर बघितलं. सोलापूरच्या घरात चादरी किती असतात! तीन जाड चादरींची घट्ट वळकटी, दोरीनं बांधली, झाला लोड. ती ओट्याखाली टाकायची, मी खाली शेगडीशी भाकरी करायला बसते तिथंच, आणि वळकटीवर गुंड्या, पाय दोन बाजूंना, टाचा फरशीला. त्याच्या पुढ्यात ज्वारीच्या पिठाचा गोळा. मी थापली की तोही थापणार. पहिल्या दिवशी तीन मिनिटं बसला आणि कलंडला. महिन्याभरानं सूनबाईचं दार लागलेलं, आत पाण्याचा आवाज, आणि इथं हा पीठ केसांना लावून बसलेला. मी मोजलं नाही असं कसं म्हणू? अकरा मिनिटं.

उभं राहणं पाण्याच्या दिवशी. मोठं पिंप भरताना त्याला कडेला धरून उभं करायचं, आत प्लास्टिकचा तांब्या. तांब्या मिळवायचा तर टाच टेकून, गुडघा सरळ करून वाकायलाच हवं. एक माणूस मागेच, हात पोचेल इतका जवळ. पाण्यापाशी पोराला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, हे ताई दर खेपेला बजावायच्या, मलासुद्धा. व्यायाम चार-पाच दिवसांनी एकदाच होतो म्हणून मी हळहळले, तर म्हणाल्या, त्या दिवशी तो किती वेळ उभा राहतो बघा. पाऊण तास! अख्खं घर भिजतं.

वॉकरवरून मात्र घरात वाजलं. बसायची खुर्ची आणि खाली चाकं असलेला वॉकर मामानं आणला होता, अक्कलकोटहून, संगीत वाजणारा. ताई म्हणाल्या, यात तो चवड्यांनी जमीन ढकलतो, आणि आपल्याला नेमकी टाच टेकायला हवी. कॅनडानं तर २००४ पासून या वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातलीय, पोरं जिन्यावरून पडतात म्हणून. सूनबाईला भावाच्या वस्तूचं वाईट वाटलं. यांनी मध्ये काही न बोलता ओळखीच्या सुताराकडे जाऊन पांगुळगाडा करून आणला, सागवानी, तीन चाकांचा. त्यात बसायचं नसतं, मागे उभं राहून ढकलायचा असतो. तो फारच पळायचा, म्हणून त्यावर दोन किलो ज्वारीची पिशवी बांधली. आता यांचं संध्याकाळचं काम तेच, गल्लीत पांगुळगाड्यापुढे उलटं चालत जायचं. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी या माणसाला पोराच्या मागे इतकं फिरताना पाहिलेलं नाही, स्वतःच्या पोराच्या तर नाहीच.

केंद्रांच्या भिंतींवर वाक्य असतं, 'आई हीच खरी थेरपिस्ट'. हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याला मला एकदा फ्रीजवरची झेरॉक्स दाखवायचीय. कौतुक म्हणून लिहिलेलं असतं, पण अर्थ होतो, बाकीचे सुटले. आणि पोर चाललं नाही तर कुणी कमी पडलं, तेही ठरूनच जातं. आमच्या केंद्रात येणारी एक आई रायनगरहून दोन बस बदलून यायची, पाठीवर पोर, हातात डबा. तिला कुणी आणखी चार व्यायाम सांगितले की मला पोटात कालवायचं.

दाखला, कार्ड, विमा याचं सविस्तर कधीतरी वेगळं लिहीन. एवढं सांगते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आहे, आणि निरामय आरोग्य विमा योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं, नियमित थेरपीसकट. माझ्या मुलानं ते सगळं केलं. कागदांच्या रांगेत उभा राहिला तेव्हा त्याला जेवणाच्या वेळेला एक गुण का ते कळलं.

भाषेचं राहिलं. ताईंनी तेव्हा विचारलं होतं, किती शब्द येतात? सूनबाई म्हणाली, "एकही नाही." त्यांनी विचारलं, "तुमच्या भाषेत?" ती गोंधळली. "अव्वाच्या भाषेत?" मग अव्वालाच हाक मारली. अव्वा म्हणाली, "बुव्वा म्हणतो की. कधीपासून म्हणतो." बुव्वा म्हणजे तेलुगू पोरांचं 'मम'. दोन महिने तिच्याकडे पाठवलं नाही तरी भिंतीपलीकडून तिचा आवाज आला की हा बुव्वा म्हणायचा आणि आम्ही ते गिनतीतच धरलं नव्हतं. दोन-तीन भाषांनी मूल बोलायला मागे पडत नाही, आधीच उशीर असलेलंही नाही. सगळ्या भाषांतले शब्द मिळून मोजायचे असतात. ताईंनी हे सांगितल्यावर सूनबाई उठून आत गेली. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला, कन्नडमधून, भराभर, दोन महिन्यांचं साठलेलं.

त्यातून आमच्याकडे एक घोटाळा झाला तो सांगते. तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे. अव्वा त्याला भरवताना "चालु?" विचारायची, आणि तो "चाऊ" म्हणायचा. मी म्हणायचे, बघा, म्हणतोय चालू ठेवा, आणि आणखी एक घास कोंबायचे. गल्लीत हा विनोद अजून सांगतात.

आता तो साडेतीन वर्षांचा आहे. पायात प्लास्टिकच्या पट्ट्या घालतो, भिंतीला धरून चालतो, हात सोडून सहा-सात पावलं टाकतो आणि बदकन बसतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज येताना बापाच्या खांद्यावरून "हर्र" ओरडला, तेवढंच, पण दणक्यात. पुढे किती चालेल ते ताई सांगत नाहीत, आम्हीही विचारायचं सोडलंय.

टाचेचा ताण अजून द्यावा लागतो, रात्री झोपताना, कारण सगळंच काही पिठात आणि पिंपात होत नाही. ते काम आता पुन्हा माझ्याकडे आहे. मी मोजत नाही, यात्रेची गोष्ट सांगते. परवा गोष्ट रंगात आली होती, नंदीध्वजांच्या काठ्या सम्मती कट्ट्यापाशी पोचत होत्या, आणि त्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला. म्हणाला, "आजी, साकु."

साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे. मी हात काढला. त्यानं पाय पांघरुणात घेतला आणि म्हणाला, "सांग."